कॉर्डची चकती: 'कुठली' ते सांगते, 'कधी' ते नाही

चाल सुचलेली असते, गुणगुणताही येते. गिटार किंवा कीबोर्ड पुढ्यात घेतला की मात्र पहिल्याच ओळीला गाडी अडते: हिच्याखाली कॉर्ड (एकत्र वाजवायचे तीन-चार स्वर) कुठली लावायची? या अडचणीवर मिळणारं सगळ्यात साधं साधन म्हणजे कॉर्ड व्हील, आपण तिला चकती म्हणू. जाड पुठ्ठ्यावर बारा घरं छापलेली, वर एक पारदर्शक चकती, मधोमध पिन. चार्जिंग नाही, खातं उघडायला नको. वरची चकती फिरवून आपल्या पट्टीवर आणली की तिच्यावर आखलेल्या खिडकीत त्या पट्टीच्या सात कॉर्ड्स दिसतात. हे परीक्षण एखाद्या ठरावीक कंपनीच्या चकतीचं नाही. आतून सगळ्या जवळपास सारख्याच असतात, फरक छपाईचा आणि पिनेचा. पाचपैकी साडेतीन गुण. कापलेला दीड बहुतेक तालाच्या आणि बेसच्या (सगळ्यात खालच्या स्वराच्या) खात्यातला आहे, थोडा स्वरांच्या टकरीच्या आणि मायनर पट्टीच्या.

आधी चकतीवर काय असतं ते पाहू. बाहेरच्या कड्यात बारा मेजर (शुद्ध ग असलेल्या) कॉर्ड्स, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने: सी, जी, डी, ए, ई, बी, एफ शार्प, डी फ्लॅट, ए फ्लॅट, ई फ्लॅट, बी फ्लॅट, एफ (शार्प म्हणजे अर्धा स्वर वर, फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर खाली). प्रत्येक पुढचं घर मागच्याचा पंचम. मधल्या कड्यात प्रत्येक मेजरखाली तिची जोडीदार मायनर (कोमल ग असलेली): सीखाली ए मायनर, जीखाली ई मायनर, एफखाली डी मायनर. अगदी आतल्या कड्यात डिमिनिश्ड कॉर्ड्स (मायनरसारख्या, पण पंचम अर्धा स्वर खाली), सीच्या घरात बी डिमिनिश्ड. खिडकी बाहेरच्या कड्याची तीन घरं, मधल्याची तीन आणि आतलं एक, अशी सात घरं वेढते. पांढरी एकच्या पट्टीत, म्हणजे सा बरोबर सी धरला (मग रे डी, ग ई, म एफ, प जी, ध ए, नी बी), तर खिडकीत वर एफ, सी, जी दिसतील, त्यांच्याखाली डी मायनर, ए मायनर, ई मायनर, आणि मधोमध आत बी डिमिनिश्ड. कल्पना जुनी आहे. पंचमांचं असं वर्तुळ संगीतरचनाकार निकोलाय डिलेट्स्कीच्या १६७० च्या दशकातल्या ग्रंथात सापडतं, आणि जर्मन संगीतकार योहान डाव्हिड हाइनिखेनने १७११ मध्ये ते छापलं. सध्याच्या चकतीत नवं काय, तर फिरणारं प्लॅस्टिक.

या मांडणीचा खरा फायदा कुठल्याच माहितीपत्रकात सांगितलेला नसतो. सप्तकातला प्रत्येक स्वर त्या पट्टीच्या बरोबर तीन कॉर्ड्समध्ये असतो. सा आहे सी, एफ आणि ए मायनरमध्ये. ग आहे सी, ए मायनर आणि ई मायनरमध्ये. प आहे सी, जी आणि ई मायनरमध्ये, ध आहे एफ, डी मायनर आणि ए मायनरमध्ये. आता हीच नावं चकतीवर बोटाने जोडा. चारही वेळा एकमेकांना चिकटलेल्या तीन घरांचा लहानसा त्रिकोण मिळतो. म आणि नी यांची दोन घरं वर-खाली लागून येतात (मची एफ आणि डी मायनर, नीची जी आणि ई मायनर), तिसरं घर डिमिनिश्डचं. एकटा रे विखुरलेला: जी उजव्या वरच्या कोपऱ्यात, डी मायनर डाव्या खालच्या. चालीतला लांब रे कॉर्डला बसवताना नवशिक्यांचा गोंधळ का उडतो, ते या कोपऱ्यांवरून कळतं. त्याचे दोन मुख्य पर्याय एकमेकांपासून लांब आहेत आणि ऐकायलाही दोन वेगळ्या दिशांना नेतात. जी कॉर्ड घराकडे, म्हणजे साच्या कॉर्डकडे, परत ओढते, डी मायनर अजून थोडं चालायला लावते. हे त्रिकोण आठवड्याभरात बोटांना पाठ होतात, आणि चकतीच्या साडेतीन गुणांपैकी दोन तरी त्यांचेच आहेत.

आता प्रत्यक्ष चाल घेऊन बघू. चार-चार मात्रांचे आठ तुकडे, म्हणजे बार, सा बरोबर सी. पहिली ओळ अशी:

ग – ग म | प – – म | ध – प म | रे – – –

आडव्या रेघेचा अर्थ तोच स्वर धरून ठेवला आहे. पहिल्यांदा लोक काय करतात, तर प्रत्येक स्वराला एक कॉर्ड देतात. पहिल्या बारच्या शेवटच्या मात्रेवर म आला, मला सी कॉर्ड चालत नाही, म्हणून तिथे एफ. असं केलं की एका ओळीत आठ-नऊ कॉर्ड्स होतात, आणि गाणं पेटीवरच्या पलट्यांसारखं ठेचकाळत चालतं. चकती इथे काही बोलत नाही. खिडकीत एफ आहे म्हणजे एफ चालते, एवढंच तिला ठाऊक. म्हणून चकतीला हात लावण्याआधी कागदावर दोन प्रकारच्या स्वरांना गोल करायचे: बारच्या पहिल्या मात्रेवरचे, आणि दोन मात्रा किंवा त्याहून जास्त टिकणारे. बाकीचे स्वर जाता जाता लागणारे. त्यांची खुशाली नंतर विचारता येते. या ओळीत गोल उरतात चारच: ग, प, ध, रे.

चारांचे पर्याय चकतीवरून: गला सी, ए मायनर, ई मायनर. पला सी, जी, ई मायनर. धला एफ, डी मायनर, ए मायनर. रेला जी, डी मायनर, बी डिमिनिश्ड. आता पहिल्या बारपासून सुरुवात न करता शेवटच्यापासून करा. ओळ रेवर थांबते, अजून पुढची ओळ यायची आहे, म्हणजे तिथे प्रश्न अर्धवट सोडणारी कॉर्ड हवी. ती जी. पहिल्या बारमध्ये घर दाखवायचं, म्हणून सी. शिल्लक राहिले मधले दोन. सी, सी, एफ, जी असं केलं तर चूक काहीच नाही, पण दुसऱ्या बारमध्ये गाणारा पवर चढतो आणि खाली काहीच हलत नाही. सी, ई मायनर, एफ, जी जास्त बरं वाटतं, फक्त दुसऱ्या बारच्या शेवटच्या मात्रेवरचा म ई मायनरमधल्या ईच्या बरोबर अर्धा स्वर वर बसतो. लय मिनिटाला १२० मात्रांची असेल तर तो अर्धा सेकंद टिकतो आणि निघून जातो. ६० ची असेल तर पूर्ण सेकंदभर टोचतो. त्या लयीत दुसऱ्या बारला जी द्या. म तिथे जी सेव्हनचा (सातवा स्वर मिळवलेल्या जी कॉर्डचा) सातवा स्वर होतो, कुरबुर संपते.

पण खरी मजा याच्याही पुढे आहे, आणि तिथे चकतीची मुळातली उणीव उघडी पडते. चाल वर चढते आहे: ग, प, ध. खालचा बेस उलट उतरवला तर? सी, मग बीवर बसवलेली जी, मग एवर बसवलेली एफ, मग साधी जी. बेसचे स्वर झाले सा, नी, ध, प. गाणारा वर जातो, बेस खाली येतो, दोघांमध्ये जागा उघडत जाते, आणि शेवटचा रे थेट प्रश्नासारखा लटकतो. कॉर्ड्सची यादी मात्र तशीच राहिली: सी, जी, एफ, जी. चकतीवर ही यादी आणि मघाची यादी सारख्याच दिसतात, कारण कॉर्डमधला कुठला स्वर तळाला ठेवायचा याला तिच्यावर जागाच नाही. स्लॅश कॉर्ड (ठरवून वेगळा स्वर तळाला ठेवलेली) हा प्रकारच तिच्या हिशोबात नाही. ऐकणाऱ्याच्या कानावर सुरावटीच्या पाठोपाठ बेसच पोचतो, म्हणून ही उणीव मोठी. एक बारकावा तिसऱ्या बारचा: तिथे गाणारा ध गातो आणि बेसही ध वाजवतो. कीबोर्डवर उजव्या हाताने पुन्हा ध वाजवला तर तो एकच स्वर नको इतका पुढे येतो. उजव्या हातात फक्त म आणि सा ठेवा.

दुसरी ओळ:

ग – ग म | ध – – प | म – रे नी | सा – – –

इथली नी मंद्र सप्तकातली. पाचवा बार सी, आठवाही सी. सातव्यात म, रे, नी तिन्ही जी सेव्हनचेच स्वर, म्हणून अख्खा बार जी सेव्हनवर काढता येतो. त्यापेक्षा बार दोन भागांत तोडा: मखाली डी मायनर, रे-नीखाली जी. सहाव्याला ए मायनर दिली की ए, डी, जी, सी अशी रांग लागते. मूळ स्वरांची ही नावं बाहेरच्या कड्यावर शोधा. काट्यांच्या उलट दिशेने, एकेक घर, न चुकता. शेवटाकडे येताना कॉर्ड्स दुप्पट वेगाने बदलतात, तेही हवंच असतं, समेच्या आधी तिहाईला जसा वेग वाटतो तसं. सहाव्या बारच्या शेवटच्या मात्रेवरचा प ए मायनरचा सातवा स्वर आहे, त्याची काळजी नको. अशा उलट्या रांगा शोधायला चकतीसारखं साधन नाही, हे मान्य करायला हवं. ओळ दोनदा गायची असेल तर पहिल्या वेळी शेवटच्या साखाली सी न देता ए मायनर द्या. सा तिच्यातही आहे, पण घर आल्यासारखं वाटून येत नाही, आणि ओळ पुन्हा घ्यायला निमित्त मिळतं.

गुण कापण्याचं दुसरं कारण टकरीचं. चकती कॉर्डमधले स्वर दाखवते, पण कॉर्डबाहेरचा कुठला स्वर वर ठेवला तर वाईट वाटेल ते दाखवत नाही. नियम एका ओळीचा आहे: लांबवलेला स्वर कॉर्डमधल्या एखाद्या स्वराच्या बरोबर अर्धा स्वर वर असला की टोचतो. तो लावून पाहिला तर पांढरी एकच्या पट्टीत हिशोब असा निघतो. सी कॉर्डवर म टोचतो. ए मायनरवरही म. जीवर सा. ई मायनरवर सा आणि म दोन्ही, म्हणून ही कॉर्ड सगळ्यात नाजूक. एफ आणि डी मायनर यांच्यावर मात्र सातपैकी कुठलाही शुद्ध स्वर ठेवला तरी अर्ध्या स्वराची टक्कर होत नाही. चालीच्या एखाद्या तुकड्यात भरभर खूप स्वर येत असतील आणि काय लावावं सुचत नसेल, तर या दोघींपैकी एक आधी वाजवून पाहा. चकतीच्या पाठीमागची बाजू बहुतेक वेळा कोरी किंवा जाहिरातीने भरलेली असते. हा चार ओळींचा हिशोब तिथे पेनने लिहून ठेवावा, छापणाऱ्यांनी तो छापायला हवा होता. आणि टक्कर झाली म्हणून चाल बदलायची गरज नाही. जीवर लांब सा आला तर जी सस फोर वाजवा, म्हणजे जी, सी, डी. सा कॉर्डमध्येच आला. मग गाणारा नीवर उतरला की साधी जी. सीवर लांब म आला तर तसंच सी सस फोर.

मायनर पट्टी हे या साधनाचं सगळ्यात कच्चं अंग. ए मायनरमध्ये गाणं असेल तर खिडकी सीवरच ठेवायची आणि घर मानायचं मधल्या कड्यातलं मधलं, असं सूचनेत असतं. पंचमाची कॉर्ड म्हणून खिडकी ई मायनर दाखवते. पण मायनर चालींमध्ये शेवटाला बहुतेक वेळा शुद्ध नी गायला जातो, ए धरून म्हणजे जी शार्प. ई मायनरमध्ये आहे साधा जी. गाणारा जी शार्पवर, वाजवणारा जीवर. सगळं पुस्तकाप्रमाणे केलं तरी गाणं बेसूर का लागतं, या तक्रारीच्या मुळाशी हेच असतं. तिथे हवी ई मेजर, नाहीतर ई सेव्हन, आणि ती खिडकीबाहेर आहे.

उपाय मार्करचा. वरच्या पारदर्शक चकतीवर, खिडकीच्या मध्यापासून काट्यांच्या दिशेने १२० अंश, म्हणजे चार घरं मोजा, आणि बाहेरच्या कड्यावर लाल ठिपका काढा. खिडकी कुठल्याही पट्टीवर फिरवा, मायनर घरासाठी लागणारी मेजर पाचवी त्या ठिपक्याखाली येईल. मार्कर हातात आहे तोवर आणखी चार काढून घ्या. काट्यांच्या दिशेने दोन घरांवर, बाहेरच्या कड्यात एक: पांढरी एकला तिथे डी येते. चालीत तीव्र म येऊन पवर गेला की डी सेव्हन, मग जी. तीन घरांवर दुसरा: तिथे ए येते, डी मायनरकडे ढकलायला ए सेव्हन. चालीत कोमल रे येऊन पुढे रे लागतो तेव्हा हिची आठवण ठेवा. उलट दिशेने दोन घरांवर तिसरा, बी फ्लॅट, कोमल नीसाठी. आणि उलट दिशेने चार घरांवर, पण मधल्या कड्यात, चौथा: तिथे एफ मायनर येते. चालीत कोमल ध लागून प येतो तिथे ही कॉर्ड काळीज हलवते. अट एकच, त्या बारमध्ये शुद्ध ध कुठेही लांब नको, नाहीतर ए आणि ए फ्लॅट एकाच वेळी वाजतात. हे पाच ठिपके नसलेली चकती फक्त बालवाडीच्या गाण्यांना पुरते. छापील चकत्यांपैकी काहींवर यातले एक-दोन आधीच छापलेले असतात, तशी मिळाली तर तीच घ्या.

पेटीवरून किंवा शास्त्रीय संगीताकडून इकडे आलेल्यांसाठी एक वापर मोलाचा आहे, आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. पंडित भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी (थाट म्हणजे राग मांडायचे सात स्वरांचे संच) सहा थाट या खिडकीत तंतोतंत बसतात, आणि गंमत म्हणजे खिडकीच्या सहा मुख्य घरांत प्रत्येकी एक. आपला सा वरच्या मधल्या घरात आणला तर बिलावल. वरच्या डाव्या घरात आणला तर कल्याण, वरच्या उजव्या घरात खमाज. सा धरून मायनर कॉर्ड खालच्या डाव्या घरात आली तर काफी, खालच्या मधल्यात आसावरी, खालच्या उजव्यात भैरवी. उदाहरणार्थ, सा बरोबर सी असून चालीत ग आणि नी कोमल असतील तर सी मायनर खालच्या डाव्या घरात येईपर्यंत फिरवा. खिडकीच्या वरच्या मधल्या घरात बी फ्लॅट येईल, आणि खिडकीतल्या सातही कॉर्ड्स त्या स्वरांतल्याच असतील. आतल्या डिमिनिश्ड घराला थाट नाही. त्या कॉर्डवर कुणी घर करत नाही, तेही बरोबरच.

भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी या चार थाटांसाठी मात्र चकती कुठेही फिरवा, खिडकी बसत नाही. भैरवचे स्वर सी धरून घेतले तर सी मेजर, डी फ्लॅट मेजर, एफ मायनर आणि ई मायनर अशा कॉर्ड्स निघतात, आणि डी फ्लॅट चकतीवर सीपासून पाच घरं लांब. चकती म्हणते या दोघी एकमेकींना ओळखतही नाहीत. कान म्हणतो भैरवच्या कोमल रेखाली हीच कॉर्ड. अशा चालींना चकती बाजूला ठेवा, चालीतले स्वर एका ओळीत लिहा, आणि एक सोडून एक असे तीन-तीन उचलून कॉर्ड्स बनवा. वेळ लागतो, पण उत्तर खरं येतं. खिडकीत बसणाऱ्या थाटांतही हात आखडता हवा. यमनवर बांधलेल्या चालीला दर दोन मात्रांनी नवी कॉर्ड दिली की राग उडून जातो आणि उरते ती जी मेजरमधली एखादी चाल. अशा चालीत सा धरून ठेवणारा बेस आणि वर दोनच कॉर्ड्स (सी आणि डी, दोन्ही सीच्या बेसवर) जास्त शोभतात.

कॉर्ड कधी बदलायची याबद्दल चकती गप्प असते, पण तिचं काम नाही म्हणून ती सुटत नाही. अडकणारा माणूस अडकतो तो बहुतेक इथेच. सर्वसाधारण माप असं की सावकाश गाण्यात, मिनिटाला ६० ते ७५ मात्रांच्या आसपास, बारला एक किंवा दोन कॉर्ड्स. १२० च्या पुढे बारला एक, कधी दोन बारना मिळून एक. बदल समेवर पडला पाहिजे. मुद्दाम अर्धी मात्रा आधी घ्यायचा असेल तर पूर्ण गाण्यात तसाच घ्यावा, एकदा आधी आणि एकदा समेवर असं केलं की ढोलकीवाला आणि गिटारवाला भांडतात. शब्द जिथे दाट असतात तिथे कॉर्ड कमी बदला, आणि गाणारा लांब स्वर धरून श्वास घेतो तिथे बदलायला मोकळीक आहे. शंका आली तर कॉर्ड्स कमी करा. एक कॉर्ड काढून टाकल्यावर गाणं बिघडत नसेल, तर ती नकोच होती.

हे सगळं यंत्राने करावं, असा प्रयत्नही झालेला आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चने २००९ मध्ये काढलेलं साँगस्मिथ हे सॉफ्टवेअर माइकमध्ये गायलेली चाल ऐकून आपणच कॉर्ड्स बसवायचं, आणि गाणं किती आनंदी, किती जॅझी करायचं यासाठी सरकवायच्या पट्ट्या द्यायचं. त्याच्या पाठीमागच्या संशोधनात एका बारला एक कॉर्ड हे गृहीत धरलेलं होतं. वरच्या उदाहरणातला तोडलेला सातवा बार त्यात बसला नसता. आजच्या ॲप्सकडून सुचवलेली यादी चकतीपेक्षा झटपट मिळते आणि लगेच ऐकूही येते, ही त्यांची जमेची बाजू मोठी आहे. पण तीन पर्यायांपैकी हाच का, हे त्यांच्या यादीतून कळत नाही. चकतीवर ते त्रिकोण डोळ्यांना दिसतात. शिकायचं असेल तर चकती. उद्या सकाळपर्यंत गाणं द्यायचं असेल तर ॲप.

विकत घेताना काय तपासायचं ते थोडक्यात. पहिली पिन. वरची चकती फिरवून सोडा. ती जिथे सोडली तिथेच थांबायला हवी. आपोआप सरकत असेल तर खिडकी दोन पट्ट्यांच्या मध्ये जाऊन बसते, आणि वाजवता वाजवता नजर टाकली की भलतंच घर वाचलं जातं. दुसरं, आतल्या कड्यातली अक्षरं. स्टँडवर ठेवल्यावर हातभर अंतरावरून डिमिनिश्डची नावं वाचता येत नसतील तर तिचा उपयोग अर्धा. चकचकीत लॅमिनेशन दिव्याखाली चमकतं, मॅट बरं. तिसरं, नावं. काही स्वस्त चकत्यांवर बी फ्लॅटच्या जागी सरसकट ए शार्प छापलेलं असतं. एफच्या पट्टीत ए आणि ए शार्प, आणि बीचं नावच नाही, असं नोटेशन वाचणाऱ्या वादकाला दिलं तर तो एकदा चकतीकडे आणि एकदा तुमच्याकडे बघतो. एका पट्टीत सातही अक्षरं एकेकदाच यायला हवीत, ही सोपी कसोटी. तळाशी एफ शार्पच्या घरात जी फ्लॅटही लिहिलेलं असावं.

पट्टी बदलण्यासाठी चकती वापरायची असेल तर एक घोळ आधीच समजून घ्या. गाणाऱ्याला पांढरी एक खाली पडते, काळी एक हवी, म्हणजे फक्त अर्धा स्वर वर. चकतीवर ते शेजारचं घर नाही. सीपासून डी फ्लॅट पाच घरं लांब, काट्यांच्या उलट दिशेने. पूर्ण स्वर वर जायचं असेल तर दोन घरं, काट्यांच्या दिशेने. घरं मोजायच्या भानगडीत न पडता खिडकीच नव्या नावावर आणा आणि जुन्या कॉर्ड्सच्या जागा पाहून नवी नावं वाचा: जी कॉर्ड होती वरच्या उजव्या घरात, आता तिथे ए फ्लॅट आहे, बस. गिटारवर त्यापेक्षा पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावणं सोपं. आकार सीचेच राहतात.

विकतची न घेता घरीही बनते, आणि ठिपक्यांमुळे घरचीच जास्त कामाची ठरते. जाड पुठ्ठ्याचं १८ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ कापा. त्यावर मध्यापासून साडेआठ, साडेसहा आणि साडेचार सेंटिमीटरवर तीन वर्तुळं काढा, कोनमापकाने दर ३० अंशांवर रेघा मारा. नावं घराच्या मधोमध येऊ द्या, रेघेवर नको. वरची चकती जुन्या फाइलच्या पारदर्शक कव्हराची, पुठ्ठ्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर लहान. खिडकी मार्करने आखा. भोक पाडायच्या आधी दोन्हीचे मध्य टाचणीने एकत्र टोचून एकदा पूर्ण फिरवून पाहा, कारण मध्य दोन मिलिमीटरनेही चुकला तर एका बाजूला खिडकी बरोबर बसते आणि समोरच्या बाजूला शेजारच्या घरात घुसते. मग दोन पायांची पितळी पिन, आणि पिनेच्या डोक्याखाली कागदाचा एक लहान गोल तुकडा. त्याने चकती घट्ट बसते आणि आपोआप सरकत नाही.